पाखरू वर, दाणा खाली

"तलवारवाल्यानं सोबत धनुष्य आणलं नाही, तर दोष कोणाचा?" हा वाद आमच्या खेळणाऱ्या मंडळींत दर दोन-तीन महिन्यांनी निघतो, आणि उत्तर दर वेळी तेच येतं. तलवारवाल्याचा. तयारीनं यायला काय झालं होतं? मीही वर्षानुवर्षं हेच उत्तर देत आलो, आणि वर शहाणपणाचं हसूही. आज ते उत्तर मी परत घेतोय. जे अजून तसं म्हणतात त्यांच्याशी भांडायला बसलोय.

इथं वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत (काकू, नमस्कार!), म्हणून आधी थोडक्यात. मी सुट्टीत पोरांना घेऊन जो फाशांचा खेळ खेळतो त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी लढवय्या, कोणी जादूगार. सूत्रधार प्रसंग सांगतो, पोरं काय करणार ते सांगतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. लढाई आली की चौकटींचा कागद पसरायचा, एक चौकट म्हणजे पाच फूट. त्यावर सोंगट्या.

ह्या कागदातच खरी गोम आहे. हा खेळ जन्मला टेबलावर शिशाची सैन्यं मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. टेबल सपाट. त्यामुळे पुढं-मागं, डावं-उजवं सगळं नीट मोजता येतं, आणि 'वर' म्हटलं की सगळ्यांची तारांबळ उडते. कोणी सोंगटीखाली फासा ठेवून उंची दाखवतो, कोणी औषधाच्या बाटलीचं झाकण. आमच्याकडे हिंगाची डबी आहे.

तर गेल्या मे महिन्याची गोष्ट. दुपारची वेळ, पंखा गरगरतोय, मंचरची भाची, तिचा भाऊ आणि आतेभावाची दोन पोरं असे चौघं जण बसलेले. भाचीचं पात्र लढवय्या. ढाल-तलवार. मी त्यांच्यासमोर मँटिकोर आणला. सिंहाचं धड, माणसाचा चेहरा, वटवाघळाचे पंख आणि शेपटीला काटे. हे काटे तो बाणासारखे फेकतो, शंभर फुटांपर्यंत बिनघोर. जागा कोणती? मोकळं माळरान. कागदावर मी एक झुडूपसुद्धा काढलं नव्हतं.

मँटिकोर साठ फुटांवर गेला आणि तिथून काटे मारायला लागला. आतेभावाच्या थोरल्याकडे धनुष्य होतं, त्यानं बाण सोडले. जादूगारानं मंत्र टाकले. भाचीची पाळी आली.

"मामा, मी काय करू?"

"तुझ्याकडे भाला आहे का?"

"नाही."

"मग थांब."

दुसरी फेरी. "मग थांब." तिसऱ्या फेरीत मी तिला तेच वर सांगितलेलं शहाणपण ऐकवलं, की तयारीनं यायचं असतं, आकाशातून कोण येईल सांगता येत नाही. ती काही बोलली नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण ती उठून गेल्याचं मला पाचव्या फेरीत कळलं. तिचे फासे डबीत नीट भरून ठेवलेले होते.

ती गच्चीवर होती. आईनं कुरडया घातल्या होत्या, आणि त्या राखायला पाण्याच्या टाकीच्या सावलीत अण्णा बसले होते. शेजारी ही, हातात वेळूची काठी. कठड्यावर चार कावळे. मला हसू आलं. उडणाऱ्या शत्रूला कंटाळून ती खालून उठली होती आणि वर येऊन उडणाऱ्या शत्रूशीच लढत होती, मजेत. काठी कावळ्यांपर्यंत पोचत नव्हती. पोचायची गरजही नव्हती. ती कुरडयांपाशी बसली होती.

अण्णांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, असा असा प्राणी आहे, वर उडतो, हिच्याकडे तलवार आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आरं, पण त्याला पायजे काय?"

"म्हणजे?"

"पाखरू वरच्या वर ऱ्हाऊन करील काय? दाना तर खाली हाय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मँटिकोरला काहीच नको होतं. पुस्तकाच्या पानावर होता म्हणून तो तिथं होता. बरं, पुस्तकात हेही लिहिलेलं आहे की त्याच्या शेपटीला काटे चोवीसच. एका पाळीत तीन म्हटले तर आठ फेऱ्यांत संपतात. म्हणजे नवव्या फेरीला त्याला एकतर खाली यावं लागलं असतं किंवा पळून जावं लागलं असतं. मी हे मोजलंच नव्हतं. आठ फेऱ्या एका पोरीला नुसतं बसवून ठेवायचा बेत मी नकळत केला होता, आणि वर तयारीवरून बोलणी तिला.

अण्णांनी लहानपणी ज्वारी राखली आहे. कणसं हुरड्यात आली की शेतात चार मेढी रोवून वर माळा बांधायचा, त्यावर पहाटेपासून उभं राहायचं, आणि गोफण. मधे दगडाची खोळ, दोन्हीकडे दोरी, एका टोकाचा फास बोटात अडकवलेला. गरगरा फिरवून दुसरं टोक सोडलं की दगड सुटतो. मला वाटायचं, नेम लागत असणार. अण्णा म्हणाले, छे. गोफणीनं पाखरू मारायचं नसतं, उठवायचं असतं. थवा कणसावर बसू पाहतो, दगड पलीकडे सणाणत पडतो, थवा उठतो. परत बसतो, परत उठवायचा. दिवसभर. माळ्यानं माणूस पिकाच्या वर जातो, गोफणीनं त्याचा हात शेताच्या पार बांधापर्यंत पोचतो, आणि मुख्य म्हणजे भांडण कुठं होणार ते आधीच ठरलेलं असतं. कणसावर. आभाळात नाही. आता आमच्याकडे नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागांवर जाळ्या दिसतात. साधन बदललं, जागा तीच. फळाच्या वर.

आणि ह्या गोफणीला आमच्या खेळात किंमत काय? चार बाजूंचा फासा. यादीतलं सगळ्यात फुटकळ हत्यार. पल्ला नीट तीस फूट, ओढूनताणून एकशेवीस. जाळीची तर त्याहून दशा. २०१४ ची आवृत्ती घ्या की २०२४ ची सुधारलेली, जाळी पंधरा फुटांपलीकडे जात नाही. पण ह्याच जाळीत सापडलेल्याची हालचाल शून्य होते, आणि हालचाल शून्य झाली की उडणारा (तरंगायची शक्ती नसेल तर) धाडकन खाली येतो. नियमात आहे हे. वापरतो कोण? नुकसान किती होतं एवढंच बघून सगळे मोठी तलवार घेतात, आणि सूत्रधारही त्यांना दुसरं काही सुचू देत नाहीत.

आता ह्या सूत्रधारांकडेच वळतो. उडणारा शत्रू आला की आमच्यातले काही एकदम दयाळू होतात. दुसऱ्याच फेरीत ड्रॅगन स्वतःहून जमिनीवर उतरतो आणि तलवारवाल्यासमोर मान पुढं करतो. का उतरला? तर तलवारवाला कंटाळला होता म्हणून. पोरांना हे बरोबर कळतं. लहान भावाला मुद्दाम आउट न करण्यासारखं आहे ते, त्या भावाला विचारा कसं वाटतं.

काही जण उडणंच बंद करतात. पंखवाल्या जातीचं पात्र घ्यायला बंदी, का तर ते सगळ्या अडचणींवरून उडून जातं. अहो, तुमच्या सगळ्या अडचणी जमिनीवरच रेखाटलेल्या आहेत हा त्या पात्राचा गुन्हा कसा? भीमाशंकरच्या रानात जाऊन वर बघा. डोक्यावर फांद्यांचं छप्पर, शेकरू ह्या झाडावरून त्या झाडावर जातं, जमिनीला पाय लावायची त्याला क्वचितच गरज पडते. मोठ्या पंखांचा प्राणी तिथं पंख उघडेल कुठं? खालचा माणूस त्याला दिसेल कसा? त्या रानात तलवारवाला राजा आहे आणि ड्रॅगन पाहुणा.

आणि काही जण गणिती. तिरकं अंतर काढायला ते पायथागोरस घेऊन बसतात, समोर चाळीस फूट, वर तीस फूट, म्हणजे कर्ण पन्नास. तोवर चहा निवतो. चौकटींच्या साध्या नियमात तिरकी चौकटही पाचच फूट धरतात, तेव्हा दोन्हीतला मोठा आकडा घ्या, चाळीस, आणि पुढं चला. मला गणिताचं वावडं नाही. पण उंची म्हणजे फक्त अंतर असं समजणारा माणूस हडसर चढलेला नसणार. तिथले दरवाजे आणि वाट अखंड कातळात कोरून काढलेली. वाट अशी वळवलेली की चढणारा सतत वरच्याच्या हाताखाली. शिवनेरीला एकामागून एक सात दरवाजे. चावंड, जीवधन घ्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले जिंकल्यावर पायऱ्यांच्या वाटा फोडल्या. तटबंदीपेक्षा पायरीची भीती त्यांना जास्त वाटली असावी. वर जायची वाट कोणाच्या ताब्यात, हाच तिथला सगळा हिशोब होता. फूट किती, हा नव्हे.

उंचीची थट्टा म्हणाल तर पडण्याचा नियम बघा. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, पण जास्तीत जास्त वीस. म्हणजे दोनशे फुटांनंतर किती का पडा, सरासरी सत्तर. दहाव्या पातळीचा धडधाकट लढवय्या जीवधनच्या कड्यावरून कोकणात पडला तर कपडे झटकून उठेल आणि विचारेल, इथं चहा कुठं मिळतो? :)

असो. मूळ भांडणाकडे येतो, तयारीच्या. ज्यांना वाटतं की आकाशातला शत्रू आला आणि हात रिकामे निघाले तर दोष रिकाम्या हाताचा, त्यांनी एकदा शिवनेरीला किंवा लेण्याद्रीला जाऊन यावं. कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. कोणी धूर केला, अत्तर फवारून आला, दगड मारला, की माश्या उठतात, आणि शिवनेरीवर माणसं जायबंदी झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तिथं तलवार काय आणि धनुष्य काय. (खेळातसुद्धा किड्यांच्या थव्याला हत्यारानं निम्मीच इजा होते, हे एक शहाणपण त्यात आहे.) तिथं माणूस काय करतो? मोकळ्यावरून निघतो. अंगावर पांघरूण घेतो. गुंफेत, आडोशाला शिरतो. आणि मुळात पोळ्याखाली गोंगाट करत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडं हातातली पिशवी वरच्या वर उचलतात, तेव्हा आमची आत्या काय करते? पिशवी पदराखाली घेते. ह्या सगळ्या चाली आहेत. पूर्ण, खऱ्या चाली. पण त्यासाठी कागदावर गुंफा हवी, आडोसा हवा, पायरी हवी, पदर हवा. मी माळरान दिलं होतं. रिकाम्या कागदावर माणसाला उभं करायचं आणि म्हणायचं तू तयारीनं आला नाहीस! दोष नकाशाचा होता, म्हणजे माझा.

एक गोष्ट मात्र मी खेळात आणत नाही, ती म्हणजे बिबट्या. झाडावर चढणारा, उसातून येणारा, वर-खाली दोन्हीकडचा शत्रू म्हणून खेळाला तो फार साजेसा आहे, आणि एकानं मला तो सुचवलाही. पण आमच्याकडे पोरांना अंधारात एकटं जाऊ नका, शेतात वाकून बसताना सोबत ठेवा, हे खरोखर सांगावं लागतं. घरं रडलेली आहेत. त्याच्या अंगावर फासे टाकायला माझा हात धजत नाही.

तर गच्चीवरून खाली आल्यावर मी मँटिकोर रद्द केला. दोन दिवस घेतले आणि नाणेघाट काढला. कागदावर कागद चिकटवून, बुटाच्या खोक्यांची भिंत करून. कोकणातून चढून येणारी वाट, सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख असलेली गुंफा, तिथून वर पठारावर निघणारी ती अरुंद खिंड, आणि माथ्यावर जकातीचा दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला ह्याच वाटेनं चढायचा, म्हणून एक तांडा ठेवला. गोण्या लादलेले बैल, चार घोडी. आणि वरून दोन ग्रिफॉन. गरुडाचं तोंड-पंख, सिंहाचं धड. ह्यांना घोड्याचं मांस फार प्रिय, असं ह्या खेळाची जुनी परंपराच सांगते. दाणा खाली.

भाचीला बोलवायला मी स्वतः गेलो. म्हणालो, तुझी तलवार तीच राहू दे. ती म्हणाली, "आणि मी थांबू का परत?" मी म्हटलं, बघ तरी.

तिनं कागद बराच वेळ बघितला. मग पहिल्याच पाळीत तीन घोडी गुंफेत घालायला लावली आणि एक खिंडीच्या तोंडाशी बाहेर बांधली. एकच. म्हणजे शत्रू कुठं उतरणार ते तिनं ठरवलं. कावळ्यांचा अनुभव कामी आला असणार. भावाला म्हणाली, तू गुंफेच्या दारात थांब, तुला अर्धा आडोसा मिळेल. आणि स्वतः खिंडीची भिंत चढायला लागली. चढताना वेग निम्मा होतो, एका पाळीत पंधरा फूट. दोन पाळ्या तिनं नुसतं चढण्यात घालवल्या, आणि गंमत म्हणजे त्या दोन पाळ्यांत एकदाही "मी काय करू" आलं नाही.

पहिला ग्रिफॉन घोड्यावर झेपावला. खिंडीत त्याला पंख पुरते उघडता येईनात, म्हणून मी त्याचे वार कच्चे धरले. तो परत उडताना आतेभावाच्या धाकट्याच्या शेजारून गेला, तेव्हा त्याला जाता जाता एक फुकट वार मिळाला. हा नियम आम्ही सूत्रधार सर्रास विसरतो. झडप घालून परत जाणारा शत्रू तुमच्या हाताच्या टप्प्यातून निघतो, आणि निघताना त्याला किंमत मोजावी लागते. मग तो वीस फुटांवर घिरट्या घालायला लागला. भाची तीस फुटांवर होती.

"मामा, मी त्याच्यावर उडी मारते. आणि पकडते. मारत नाही, नुसती पकडते."

मी नियम आठवला. पकडलं की हालचाल शून्य. हालचाल शून्य म्हणजे उडणं बंद. फासा सतरा पडला. दोघं मिळून वीस फूट खाली आले, दोन फाशांची इजा तिलाही झाली, त्यालाही, आणि खाली तिचे तिघं साथीदार वाट बघत होते. आरडाओरडा एवढा झाला की आई स्वयंपाकघरातून पळीसकट आली.

सगळं छान छान झालं असं नाही. दुसऱ्या ग्रिफॉननं ते बाहेर बांधलेलं घोडं नेलंच, आणि त्यावरून भावा-बहिणीचं जेवणापर्यंत भांडण झालं. तो म्हणतो, चौथं घोडंही आत घालायला हवं होतं. ती म्हणते, मग ते खाली आलेच नसते.

माझ्या ओळखीतले एक जुने खेळाडू हे सगळं ऐकून म्हणाले, तू पोरीसाठी लढाई सोपी केलीस. अजिबात नाही. ग्रिफॉन दोन होते, मँटिकोर एकच. तिच्या लढवय्याची निम्म्याहून जास्त ताकद खर्ची पडली, आणि मँटिकोरच्या वेळी तिला ओरखडाही आला नव्हता. त्या दिवशी तिच्या हाताला काही काम नव्हतं, एवढाच काय तो फरक. ते गृहस्थ अजून म्हणतात की भाला घ्यायला हवा होता. त्यांना मी दिवाळीत घरी बोलावलंय. हडसरचा कातळातला दरवाजा खोक्यांतून कापायला घेतलाय, आणि अण्णांनी भाचीला अंबाडीच्या दोरीची एक खरी गोफण वळून दिली आहे. ती खेळात चार बाजूंच्या फाशाचीच राहील. पण दगड कुठं पडला तर थवा उठतो, हे मी आता तिला विचारून ठरवणार आहे.